जमनाबाईंचे महाराज डोळे मिटत नाहीत

गुरुवारी सकाळी अकरा वाजता नेत्रानंद महाराजांनी डोळे मिटले, आणि फुलसावंगीपासून दारव्ह्यापर्यंत दोनशे मोबाइलवरच्या फोटोंत ते एकदम मिटले. टपरीवर माणसं मोबाइल शेजारी शेजारी धरून पडताळा घेत होती. चहा निवत होता. आमच्या कापूस-सोयाबीन चर्चामंचावर बोंडअळी मागे पडली आणि जो तो ‘जय हो’ लिहू लागला.

हा ऑनलाइन मंच माझाच. मी संघदीप, फुलसावंगीत झेरॉक्सचं दुकान चालवतो. कोणत्या तणावर काय फवारावं हे शेतकऱ्यांनी एकमेकांना विचारावं म्हणून मंच उघडला. लिहिणाऱ्याच्या नावाशेजारी त्याचा प्रोफाइल फोटो दिसतो. पूर्वी तिथे बैल, ट्रॅक्टर, नातवंडं असत. एकाने तर फवारणीचा पंप लावला होता. मग हे महाराज अवतरले. ते कुठले, कोण, कोणालाच ठाऊक नव्हतं. देवाला निदान देऊळ लागतं, यांना नेटवर्क पुरत होतं.

“बालकांनो,” महाराज मंचावर लिहीत, “माझा फोटो मोबाइलात साठवू नका, शक्ती कोंडली जाते. मी देतो तो इंटरनेटवरचा पत्ताच, म्हणजे लिंक, फोटोच्या रकान्यात टाका. गुरुवारी ज्याच्या फोटोत माझे डोळे मिटतील, त्याचा आजार मी पाहून घेतला असे समजा.” डोळे मिटून कसं पाहतात, हे कोणी विचारलं नाही. पाहून झालं की अंगारा कुरियरने येई, पैसे आधी.

फक्त तांड्यावरच्या जमनाबाईंच्या फोटोत महाराज टक्क बघत राहिले. जमनाबाईंना साखरेचा आजार, पायाला जखम. महाराजांचा स्वयंघोषित शिष्य फुलसिंग त्यांना म्हणाला, “काकी, पोटात इंग्रजी गोळ्या हायेत, मंग महाराज डोळे कसे मिटतीन?” जमनाबाईंनी त्या दिवसापासून गोळ्या सोडल्या.

सहाव्या दिवशी त्यांची सून रंजिता माझ्या दुकानात आली. सासूला ती याडी म्हणते.

“दादा, याडी ऐकूनच नाही राह्यली. जखम काळी पडून राह्यली. म्हणते, महाराज माह्याकडेच डोळे फाडून पाह्यते, मी पापी हाय.”

मला राग आला की मी वाकडं बोलतो. “मंग महाराजाच्या डोळ्यात मिरची टाक, मिटतीन.”

ती हसली नाही. माझी मलाच लाज वाटली. मी विचारलं, “फोटो कोणं लावला होता?”

“मीनंच. त्याइचा पत्ता टाकला तं फोटू उघडतच नव्हता. मंग रेंजमध्ये जाऊन मोबाइलात उतरवून घेतला अन् तोच लावला. कोणाले सांगितलं नाही, भेव वाटलं.”

मी कपाळावर हात मारला. पत्ता टाकून फोटो लावायची सोय मंचावर मीच ठेवली होती.

तडक तांड्यावर गेलो. तिथे रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, म्हणून सगळ्यांना टाकीखालीच बोलावलं. जमनाबाईंचे मालक बाबुलाल त्यांना मोटारसायकलवर घेऊन आले. त्यांचाच बकरा दिसला, त्याचा मी फोटो काढला, इंटरनेटवर एका पत्त्यावर ठेवला आणि फुलसिंगसह सहा जणांना तो पत्ता आपापल्या प्रोफाइलला टाकायला लावला. रंजिताने मात्र बकरा मोबाइलात उतरवून मग लावला. सातही मोबाइलवर तोच बकरा. मग त्याच पत्त्यावर मी काळा चष्मा घातलेला बकरा ठेवला.

“आता मंच पुन्हा उघडा.”

सहा बकऱ्यांनी चष्मा चढवला. रंजिताचा तसाच, उघड्या डोळ्यांचा.

फुलसिंग घाम पुसत म्हणाला, “बकऱ्यातही महाराजाचा अंश असन.”

“मंग अंगारा कायले?” बाबुलाल म्हणाले. “लेंड्या पाठवू कुरियरनं.”

हसणं थांबल्यावर मी वर बोट केलं. “ह्या टाकीचा नळ सगळ्याइच्या दारात हाय. नळ तुमचा, पाणी टाकीचं. टाकीत कोणं गुलाल टाकला, तं सगळ्या नळाले एकदमच लाल पाणी येईन. पत्ता टाकला म्हणजे तुम्ही महाराजाच्या टाकीले नळ जोडला. त्यानं गुरुवारी तिथला फोटो बदलला, बस. रंजितानं आपली घागर पह्यलेच भरून ठेवली होती. तिच्यात गुलाल येईन कुठून?”

जमनाबाईंनी विचारलं, “म्हणजे माह्यावर त्याइचा राग नव्हता?”

“मावशी, फोटोले राग येत नाही. साखरेले येते.”

त्यांनी रंजिताकडे हात पुढे केला. “आण त्या गोळ्या.”

त्याच दुपारी त्यांना महागावला दवाखान्यात नेलं. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर पायाचं बोट कापावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मी मंचावरची ती पत्त्याची सोय बंद केली. संध्याकाळी महाराजांनी मला शाप दिला. अजून तरी मी धडधाकट आहे.

वाचकहो, फोटोत कोणी डोळे मिटो की अश्रू ढाळो, आधी एवढं विचारा, हा फोटो ठेवलाय कोणाच्या घरी? आणि गोळी बंद करायची की नाही, हे डॉक्टरला विचारा.

महिन्याने जमनाबाई स्वतःच्या पायांनी दुकानात आल्या. मंचावर आता त्यांना स्वतःचाच फोटो लावायचा होता. पदर नीट करून बसल्या, मी फोटो काढून दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि मान हलवली.

“डोळे मिटले माहे. पुन्हा काढ.”