चौकटीची उंची

त्या बाईचं डोकं कुठल्याही चौकटीला लागायची सुतराम शक्यता नव्हती, इतकी ती ठेंगणी. तरी घर बघायला गेली की पिशवीतून टेप काढायची आणि आधी दाराची चौकट मोजायची. ऊन, पाणी, शेजार हे सगळं नंतर, आठवलं तर.

घरं दाखवणारा एजंट मेटाकुटीला आला होता.

"काकू, खाली किराणा आहे, समोर दवाखाना आहे, तुमचं दुकान चालत जायच्या अंतरावर. अजून काय पाहिजे हो माणसाला?"

"बाथरूमचं दार बुटकं आहे. ह्यांचं डोकं आपटेल."

'हे' मागच्या हिवाळ्यातच गेले होते. एजंटला ते माहीत नव्हतं आणि तिने सांगितलंही नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. घर म्हटलं की ते वाक्य तोंडातून आपोआप यायचं, इतकंच.

नवरा बसकंडक्टर. डेपोत त्याला सगळे 'ताडमाड' म्हणायचे. जुन्या बसचं छत ठेंगणं, त्यामुळे दिवसभर मान वाकवून तिकिटं फाडायची. संध्याकाळी घरी आला की मानेला तेल चोळत म्हणायचा, "निदान आपल्या घरात तरी ताठ उभं राहू दे गं मला." लोक घर घेताना बाल्कनीवरून भांडतात, स्वयंपाकघरावरून भांडतात. ह्या दोघांचं कधी वाजलंच नाही. सगळ्यात महत्त्वाचं काय, ते लग्नानंतर लगेच ठरलं होतं. ती एका दुकानात शाळेचे गणवेश शिवायची, टेप तिच्या गळ्यातच असायचा. सुट्टीच्या दिवशी घर बघायला जायचे, तो चौकटीत उभा राहायचा, ती मोजायची, आणि दोघं हसत परत यायचे. असं करता करता उभा जन्म भाड्याच्या दोन खोल्यांत गेला.

आता घरमालकाने इमारत विकायला काढली होती. उन्हाळा संपायच्या आत खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. नणंद म्हणाली होती, "वहिनी, घर कसलं घेतेस एकटीसाठी? माझ्याकडे ये. हॉलमध्ये तुझा पलंग टाकू." नणंद मनाने वाईट नव्हती. पण हॉलमधल्या माणसाला सगळ्यांच्या आधी उठावं लागतं आणि सगळे झोपेपर्यंत ताटकळावं लागतं, हे न कळण्याइतकी वहिनी भोळी नव्हती. घर मिळालं नाही तर तो पलंग ठरलेला होता.

"काकू, एक करा," एजंट म्हणाला, "काकांनाच घेऊन या एकदा. त्यांना मी पटवतो, माझ्यावर सोडा."

तिने टेप गुंडाळला. पुन्हा सोडला. पुन्हा गुंडाळला.

"ते नाहीत आता."

"बाहेरगावी गेलेत?"

"वारले."

हा शब्द आजवर इतरांनीच उच्चारला होता. तिने पहिल्यांदाच. चोरी पकडली गेल्यासारखी तिला लाज वाटली, आणि मग लाजेच्या मागून संताप आला. स्वतः निघून गेला आणि उंची तेवढी माझ्या गळ्यात ठेवून गेला! इतकी चांगली घरं मी कुणाच्या डोक्यासाठी नाकारत होते?

एजंटने हळूच विचारलं, "मग तुम्हाला काय पाहिजे, काकू?"

शेकडो पोरांची मापं तिला तोंडपाठ होती. स्वतःचं माप मात्र तिने कधी घेतलं नव्हतं. उत्तर टाळायला म्हणून ती स्वयंपाकघरात शिरली.

आधीची मालकीणही बुटकीच असावी. ओटा खाली होता, फळ्याही खाली. भाड्याच्या खोलीतली फळी नवऱ्याने स्वतःच्या हाताच्या अंदाजाने ठोकली होती. "अहो, साखर काढून देता का?" "अहो, डाळीचा डबा!" तो कुरकुरत यायचा, डबा द्यायचा, आणि काम झालं की परत तिथेच वर ठेवून द्यायचा. एकदा ती भडकली होती, "खाली ठेवायला हात झिजतात का तुमचे?" तो म्हणाला होता, "खाली ठेवला तर तू मला हाक कशाला मारशील?"

तिने हात वर केला. टाच न उचलता बोटं सगळ्यात वरच्या फळीला टेकली. फळीवर धूळ होती. ती तशीच हात वर धरून उभी राहिली.

"बघा, पोचला की हात!" एजंट दारातून हरखून म्हणाला. "ह्या घरात कुणाला हाक मारायला नको." बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"नको ना," ती म्हणाली. तिने बोटांवरची धूळ झटकली. "माझ्याच मापाचं आहे. घेते मी."

एजंटला आनंद झाला. चहा मागवतो म्हणत तो धावत खाली गेला. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि त्या रिकाम्या घरात पहिल्यांदाच मोकळेपणी म्हणाली, "अहो."