तारेच्या आतली ज्वारी

देहूरोडला फौजेचा दारूगोळा ठेवायला जागा हवी होती. बेचाळीसच्या माघात कोंडाजीच्या रानाभोवती तारेच्या कुंपणाचे खांब रोवायला सुरुवात झाली, तेव्हा ज्वारी नुकतीच कापणीला आली होती. बाकीच्यांनी मोबदल्याच्या कागदावर अंगठे दिले होते. कोंडाजीने दिला नव्हता.

"पीक निघू द्या, मग बोला," तो मामलेदारांना म्हणाला.

"लढाई तुझ्या पिकासाठी थांबणार आहे का? सरकार विकत घेतंय, लुटत नाही."

"साहेब, मागच्या लढाईत मी फौजेतनं अरबांच्या मुलखात, बसऱ्याला गेलतो. तितंबी खजुराच्या बागा अशाच घेतल्या. आधी थैली दावली, मग बंदूक."

मामलेदारांनी शेजारी उभ्या गोऱ्या कॅप्टनकडे पाहिलं. त्याने हात हलवला आणि चार शिपाई बांधावर चढले. पलीकडे कोंडाजीची बायको झुंबरबाई खाली मान घालून कापणी करत होती. कोणी हटकलं तरी तिचा विळा थांबेना.

इतक्यात ओढ्याच्या बाजूने माणसं धावत आली. पुढे कोंडाजीचा शेजारी मेहबूब, मागे निम्मं गाव, सगळ्यांच्या हातात विळे. एका कोवळ्या शिपायाने घाबरून बंदूक खांद्याला लावली.

"थांब!" कोंडाजी दोन्ही हात पसरून नळीसमोर उभा राहिला. मग पलटणीतल्या हिंदुस्थानीत तो कॅप्टनला म्हणाला, "साहब, ये लोग फसल काटने आये हैं. लडने नहीं."

कॅप्टनने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "कौन पलटन?"

कोंडाजीने सांगितलं. शिपायाची बंदूक खाली आली.

"सूरज डूबने तक. फिर कागज पर अंगूठा," कॅप्टन म्हणाला.

एकीकडे खांब ठोकले जात होते, दुसरीकडे कणसं पडत होती. अंधारून आलं तेव्हा अर्धं रान उभंच होतं. शिपायांनी तार ओढली. कोंडाजीने कागदावर अंगठा दिला.

"कागुदात काय लिवलंय?" झुंबरबाईने विचारलं.

"आपुन जमीन इकली म्हनून."

"आपुन इकली?"

त्याने भारा डोक्यावर घेतला. गावात आता कसायला काही उरलं नव्हतं; ती सोमाटण्याला आपल्या भावाकडे जायच्या वाटेला लागली, तोही मागोमाग निघाला.