बांधाबांधीचा दिवस

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमच्या घरातली एकेक वस्तू बांधली जातेय, आणि तुम्हाला कुणीच काही सांगत नाही. कसं वाटेल?

मी पडेगावातलं एक जुनं टेबल आहे. सांडूआजोबांनी शेतातल्या कडुनिंबाच्या लाकडाचं मला करवून घेतलं. माझ्यावर त्यांच्या मुलानं अभ्यास केला, पुढं कपड्यांना इस्त्री झाली, पापडही वाळले. मग माझा एक पाय डुगडुगू लागला आणि मला कोपऱ्यात ढकललं. तिथं मला आपलंसं केलं ते आजोबांच्या नातवानं, सत्यमनं.

सत्यम स्वमग्न आहे. गलका त्याला सोसवत नाही. माझ्याखाली बसून तो गोट्यांची रांग लावायचा. त्याची आई प्रेरणा विचारायची, उद्या काय करणार? तो फक्त पुढची गोटी रांगेत लावायचा.

चिकलठाण्याला नवं घर घेतलं, तेव्हा सत्यमला आधीच सांगावं असं प्रेरणाच्या मनात होतं. आजोबा हसले.

"त्याला उद्याचं काय समजतंय, माय? नेऊ ऐन टायमाला उचलून."

मग कामाच्या रगाड्यात सांगायचं राहूनच गेलं.

दोन दिवस बांधाबांधी चालली. न्यायचं ते सुतळीनं बांधायचं, मोडकंतोडकं तसंच सोडायचं. सत्यमची जागा म्हणून मलाही बांधलं. दारात टेम्पो लागला. सत्यमला शोधत आलेली प्रेरणा माझ्याखाली वाकली.

सत्यमनं स्वतःचा पाय माझ्या पायाला बांधला होता. सुतळीचे वेढ्यावर वेढे, कातडीवर लाल वळ. तो थरथरत होता, आणि त्याच्याबरोबर मीही.

"हे काय रे केलंस, राजा?"

"बांधलेलं जातं," तो म्हणाला. "सत्यम बांधला नाही."

दारात उभ्या आजोबांनी ते ऐकलं. ज्याला उद्या कळत नाही म्हणाले, तो दोन दिवस एकटाच एक भयंकर उद्या बघत होता: सगळे गेलेत, आणि रिकाम्या घरात तो मागं राहिलाय.

मित्रांनो, काही मुलांना उद्याचं चित्र मनात उभं करणं अवघड जातं. ते बोलून दाखवणं तर आणखी अवघड. पण म्हणून त्यांना उद्याची भीती वाटत नाही, असं समजू नका. त्यांना सांगा, दाखवा, पुन्हा सांगा.

प्रेरणानं खडू घेतला आणि माझ्या फळीवर टेम्पो काढला. आत आई, बाबा आणि मधे सत्यम.

सत्यमनं ते चित्र बराच वेळ पाहिलं. हळूहळू आपल्या पायाची गाठ सोडली. चित्रात आजोबा नव्हते. त्यानं दाराकडे पाहिलं, उरलेली सुतळी उचलली, आणि जाऊन आजोबांच्या मनगटाला गाठ मारू लागला.