चाळीस मिनिटांची वाट

डोळे मिटा बरं, आणि एक छोटं गाव मनात आणा. गावाला नदी आहे, नदीवर जुना दगडी पूल आहे. पूल बघायला लांबून माणसं येतात, फोटो काढतात आणि मिळेल त्या गाडीने परत जातात. पुलाजवळचा चहावाला म्हणायचा, की कपातला चहा निवायच्या आत पाहुणे गायब.

म्हणून नगरपालिकेने ठरवलं, पाहुण्यांना अर्धा दिवस तरी रमवायचं. त्यासाठी एक पायवाट सरकारी निधीतून नीटनेटकी करायची. ज्याला चांगली वाट ठाऊक असेल त्याने अर्ज करावा.

अर्ज एकच आला, भिंगरीच्या आजोबांचा. भिंगरी नऊ वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. आजोबा चौतीस वर्षं गावचे पोस्टमन होते. पुलापासून बेकरीमागच्या बोळातून, उंच पायऱ्या चढून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत ते रोज टपाल घेऊन जात. आता तिथे गवत माजलं होतं. आणखी दोन-तीन वर्षांनी वाट होती कुठे, हेही कुणाला सांगता आलं नसतं, आणि आजोबांच्या जिवाला तोच घोर होता. त्यांनी अर्ज तीनदा लिहून काढला. 'लागणारा वेळ' या रकान्यात ठळक लिहिलं, चाळीस मिनिटं.

पाहणीसाठी नगरपालिकेच्या साहेबीणबाई आल्या. फाइल काखेत धरून त्या आजोबांच्या मागून निघाल्या. बोळ संपेपर्यंत आजोबा दिसत होते. पायऱ्यांवर त्यांची फक्त टोपी दिसली. पुढे तीही दिसेना. बाई एकदा कुणाच्या तरी ओट्यावर टेकल्या, एकदा पायरीवर, एकदा चक्क पालथ्या घातलेल्या बादलीवर. टाकीजवळ पोचल्या तेव्हा पावणेदोन तास झाले होते.

"आजोबा, अर्जात चाळीस मिनिटं लिहिलंय तुम्ही."

"लागतातच चाळीस."

"कुणाला?"

आजोबांनी जरा विचार केला. "मला."

बाई हसल्या, पण फाइल मिटली. त्या म्हणाल्या, वाट सुंदर आहे, पण टपालासाठी नाही, पाहुण्यांसाठी हवी आहे. खरा वेळ आणि बसायच्या जागा शुक्रवारपर्यंत लिहून द्या, नाहीतर निधी दुसऱ्या कामाला जाईल.

आजोबा घरी येऊन धुसफुसत बसले. चौतीस वर्षांत आपण त्या वाटेवर एकदाही बसलो नाही, मग बसायच्या जागा आणायच्या कुठून? पाहुण्यांनीच भराभर चालायला शिकावं, असं त्यांचं मत पडलं.

आजी भाजी निवडत होती. तिने मानही वर केली नाही. "लग्न झाल्यावर हे मला पहिल्यांदा फिरायला घेऊन गेले. मी घरी परतले तर हे हातपाय धुऊन बसलेले. म्हणे, कुठे होतीस?"

भिंगरी खूप हसली. मग हसता हसता थांबली आणि आजीच्या दुखऱ्या गुडघ्याकडे बघत राहिली. काय आलं असेल तिच्या मनात?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पुलापाशी उभी होती. भिंगरीने नियम सांगितला. आजी पुढे, आजोबा मागे, ओलांडून जायचं नाही. आजी जिथे बसेल तिथे भिंगरी खडूने गोल काढणार. गुडघा दुखायला लागला तर तिथूनच परत, असं आजीने आधीच बजावून ठेवलं.

आजोबांचे बिचाऱ्यांचे हाल झाले. कधी एक पाय उचलून थांबत, कधी उगाच मागे जाऊन पुन्हा येत. पहिला गोल बेकरीमागे निघाला, दुसरा पायऱ्यांच्या मध्यावर. तिसऱ्या गोलापाशी एक बुटकी भिंत होती. आजी तिच्यावर टेकली आणि म्हणाली, "अगंबाई, इथून नदी कशी वळलेली दिसते."

आजोबा पुढे झाले. खाली पूल, पुलाखालून वळलेली नदी, पलीकडे लाल कौलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"तुम्ही तर रोज यायचात इथून," आजी म्हणाली.

"मी दारांवरचे नंबर बघायचो," आजोबा म्हणाले, आणि तिच्या शेजारी बसले. त्या वाटेवर पहिल्यांदाच.

टाकीपर्यंत सात गोल झाले, आणि दोन तासांवर दहा मिनिटं. आजोबांनी चौथ्यांदा अर्ज लिहिला आणि एक मिनिटही कमी केलं नाही.

महिन्याभरात पत्र आलं. वाट मंजूर झाली होती. गवत निघणार होतं, पायऱ्यांना कठडा लागणार होता. बाकं मात्र सात नाही, चारच. कोणती चार, ते अर्जदाराने कळवायचं होतं.

आजोबा म्हणाले, भिंतीपाशी एक नक्की. आजी म्हणाली, पायऱ्यांवर दोन हवीत. उरलेल्या एकावरून दोघांची चांगलीच जुंपली.

भिंगरीने थोडा वेळ ऐकलं. मग चपला घातल्या आणि शेजारच्या शिंपीकाकांचं दार वाजवलं. काका काठी टेकत बाहेर आले.

"काका," भिंगरी म्हणाली, "उद्या सकाळी माझ्याबरोबर फिरायला याल? हळूहळू चालायचं, आणि दमलात की लगेच बसायचं."