दोघांनी पाहायचा सूक्ष्मदर्शक

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. पण तुमच्या शाळेच्या कपाटात असतो तसा एका माणसाचा नव्हे. मला नेत्रिकांच्या, म्हणजे डोळे लावून पाहायच्या नळ्यांच्या, दोन जोड्या आहेत. एका बाजूस शिकवणाऱ्याने बसावे, समोर शिकणाऱ्याने बसावे आणि दोघांनी एकाच क्षणी एकच वस्तू पाहावी, यासाठी माझी घडण झाली. माझ्या पोटात एक लहानसा हिरवा बाण आहे. खुंटी फिरवली की तो दोघांच्याही डोळ्यांपुढे सरकतो आणि जणू म्हणतो, हे पाहा. ज्याचा जन्मच दोघांसाठी झाला, त्याला एकटेपण इतरांहून लवकर कळते. आज कपाटाच्या माथ्यावर बसून मी तुम्हांस माझी हकिगत सांगत आहे.

माझी भिंगे घासणारा कारागीर अबोल होता. महिनाभर त्याने मला हाताळले, पण शब्द म्हणून काढला नाही. शेवटच्या दिवशी मात्र दोन तपासनीस माझ्या दोहो बाजूंस बसले.

"दिसलं का?" एकाने विचारले.

"दिसलं."

"मला दिसतंय तेच ना?"

"तेच हो! आता किती वेळा विचाराल?"

माझ्या कानी पडलेले हे पहिले मनुष्यबोल. त्यानंतर मला भुशाने भरलेल्या खोक्यात ठेवून एका विद्यापीठात पाठविण्यात आले. तेथे परजीवीशास्त्र विभागाच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीखालच्या दगडी ओट्यावर मला स्थान मिळाले. शेजारी बाटल्या व काचसामान धुण्याचा नळ होता.

त्या विभागात बालकांच्या आहारावर संशोधन चाले. रांगणे सरून नुकती पाऊल टाकू लागलेली मुले त्यात होती. त्यांच्या घरी पौष्टिक पिठाच्या पुड्या जात आणि दरमहा त्यांचे वजन होई. खाल्लेले अन्न बाळाच्या अंगी लागते, की त्याच्या पोटातले कृमी मधल्यामध्ये फस्त करतात, हे शोधून काढायचे होते. म्हणून दर सकाळी माझ्या ओट्यावर क्रमांक चिकटवलेल्या इवल्या डब्या येत. त्यांत काय असे, हे सांगताना मला संकोच वाटतो. पण विज्ञानाला नाक मुरडून चालत नाही.

त्या काळी माझ्या पहिल्या खुर्चीवर मावशी बसत. प्रयोगशाळेतील सर्वजण त्यांना मावशीच म्हणत, प्राध्यापिकासुद्धा. समोरच्या खुर्चीवर सदैव कोणीतरी नवशिका असे.

"हे काय आहे?" मावशी बाण सरकवून विचारत.

"जंताचं अंडं, मावशी."

"हा बुडबुडा आहे, राजा. त्याला जंत म्हणालास तर बिचारा लाजेल. डोळे पूस आणि परत बघ."

मावशींचा एक नियम होता. ग्लिसरीनमध्ये भिजवलेला पारदर्शक कागद नमुन्यावर दाबून काचपट्टी तयार झाली, की अर्ध्या तासाच्या आत ती माझ्याखाली यायलाच हवी. गोलकृमीच्या अंड्याचे कवच जाड असते. ते दिवसभर टिकते. अंकुशकृमीचे कवच मात्र फार पातळ. तो आतड्याला डसून रक्त पितो, पण त्याचे अंडे ग्लिसरीनमध्ये हळूहळू पारदर्शक होऊन दिसेनासे होते. "हे पाहुणे थांबत नाहीत रे," असे मावशी प्रत्येक नवशिक्याला सांगत. हा नियम त्यांनी कोठे लिहून ठेवला नव्हता. समोरच्या खुर्चीवर माणूस असताना लिहिण्याची गरज ती काय?

वीस वर्षे अशी गेली. पाहुणे येत, माझी स्वच्छ भिंगे पाहून वाहवा करीत. मला थोडा गर्वही झाला होता, तो मी कबूल करतो.

मग मावशी निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी माणूस नेमण्यास चार महिने लागले. त्या चार महिन्यांत माझ्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. नव्या बाई आल्या तेव्हा त्यांना शिकवायला कोणी उरले नव्हते. त्या हुशार होत्या, कष्टाळू होत्या, पुस्तकात होते ते सर्व त्यांना तोंडपाठ होते. दुसऱ्या जोडीच्या नेत्रिकांवर त्यांनी काळी टोपणे बसविली आणि ती खुर्ची ओट्याखाली सारली. त्या दिवसापासून मी अर्धाच जगू लागलो.

त्याच वर्षी विद्यापीठाने कर्मचाऱ्यांच्या विकासाचा अभ्यासवर्ग काढला. कर्मचाऱ्यांना शिकविले तर कामात किती सुधारणा होते, यावरही तेथे संशोधन चालू होते. वर्ग दररोज दहा ते एक भरे. नव्या बाई सकाळी काचपट्ट्या तयार करून जात आणि जेवण आटोपून दुपारी दोनला माझ्यापाशी बसत. गोलकृमीची अंडी दिसत, म्हणून कोणासही शंका आली नाही. अंकुशकृमीपुढे मात्र शून्यावर शून्य पडू लागले. मला सारे कळत होते, मित्रांनो. पण मला डोळे दिले आहेत, जीभ दिलेली नाही. मी माझा बाण मोकळ्या जागेवर रोखून उभा राही आणि बाई ती मोकळी जागा पाहून पुढे सरकत.

सात महिन्यांनी एक आई बोलावणे आल्यावरून प्रयोगशाळेत आली. कडेवर क्रमांक सत्तेचाळीसचे बाळ होते. त्याचे तळवे कागदासारखे पांढुरके होते.

"तीन महिने झाले, वजन जागचं हललेलं नाही," प्राध्यापिका म्हणाल्या. "पोटात कृमी नाहीत. मग पुड्या जातात कुठे? घरात आणखी कोणी खातं का?"

"नाही हो मॅडम. मी स्वतः भरवते. वाटी चाटूनपुसून खातो तो."

"खरं सांगा. कोणी रागावणार नाही."

"खरंच सांगतेय!" तिचा आवाज फाटला. "माझ्या लेकराच्या तोंडचा घास मी दुसऱ्याला देईन का?"

प्राध्यापिका दुष्ट नव्हत्या. समोरचे आकडे त्यांना जे सांगत होते तेच त्या बोलत होत्या. गुरुवारी एक शेवटचा नमुना तपासायचा, त्यातही काही न आढळल्यास 'आहार दिला जात नाही' असा शेरा मारून बाळाचे नाव अभ्यासातून काढायचे, असे ठरले. म्हणजे पुड्या बंद, तपासणी बंद, आणि आईच्या माथी कायमचा ठपका.

हे चालू असता बाळाने हात लांबवून माझ्या मिटलेल्या नेत्रिकेचे एक टोपण ओढले आणि मुठीत घट्ट धरले. ते कोणाच्याच लक्षात आले नाही. आई त्याला घेऊन डोळे पुशीत निघून गेली.

नळावर काका बाटल्या धूत होते. ते विभागात मावशींइतकेच जुने. पण त्यांचे काम बाटल्या धुण्याचे, म्हणून विकासाच्या वर्गाला त्यांना कोणी बोलाविले नव्हते. त्यांची पाठ आमच्याकडे होती. सारे ऐकून त्यांनी नळ बंद केला.

गुरुवारी सकाळी काचपट्टी तयार झाली. नव्या बाईंनी ओळखपत्र गळ्यात अडकवले.

"ताई, ही आत्ताच बघा," काका म्हणाले.

"काका, दहाला हजेरी आहे. एक दिवस चुकला तर प्रमाणपत्र नाही, आणि त्याच्याशिवाय मला कायम करणार नाहीत. दुपारी बघते ना! ती काय पळून जाणार आहे?"

"तेच तर म्हणतोय. पळूनच जातात. मावशी सांगायच्या..."

"मावशी, मावशी! मी आल्यापासून तेच ऐकतेय. पुस्तकात कुठे आहे, दाखवा बरं?"

"पुस्तकाचं मला काय विचारता? मी बाटल्या विसळणारा माणूस. पण वीस वर्षं या नळावर उभं राहून ऐकलंय. कान काही विसळून टाकले नाहीत मी."

बाईंना नको असताना हसू आले. काकांनी हात कोरडे केले, ओट्याखालची खुर्ची ओढली आणि माझ्या दुसऱ्या नेत्रिकेवरचे उरलेले टोपण काढले.

"तुम्ही तिकडे बसा, मी इकडे बसतो. दहा मिनिटं. खोटं निघालं तर पुन्हा तोंड उघडणार नाही."

बाईंनी घड्याळाकडे पाहिले. मग त्या बसल्या.

किती महिन्यांनी, मित्रांनो, माझ्या दोन्ही बाजूंस श्वास लागला! बाईंनी भिंग स्थिर केले. पातळ कवचाची, लांबट, आत मोजक्या पेशींचा पुंजका असलेली अंडी एकामागून एक नजरेस येऊ लागली. बाण थरथरत प्रत्येकावर थांबला. तेवीस! त्यांनी कागदावर आकडा लिहिला, शेजारी वेळ लिहिली, आणि त्या उठल्या नाहीत. वर्गाची वेळ टळून गेली. दोघेही माझ्यावर वाकून राहिले. अर्ध्या तासाने अंड्यांच्या कडा फिक्या झाल्या. तासाभराने चार उरली. बारा वाजता तीच काचपट्टी, तीच जागा, आणि तेथे काहीच नव्हते.

"म्हणजे गेले सात महिने मी..." बाई म्हणाल्या.

काकांनी त्यांना टोमणा मारला नाही. हळूच एवढेच विचारले, "दिसलं ना?"

"दिसलं, काका."

बाई तो कागद घेऊन स्वतःच प्राध्यापिकांकडे गेल्या आणि आपली चूक सांगितली. त्यांचे प्रमाणपत्र त्या वर्षी हुकले. पण सर्व बालकांचे नमुने पुन्हा मागविले गेले, आणि ज्यांच्या पोटात कृमी निघाले त्यांना औषध मिळाले. दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीसच्या आईला बोलावून प्राध्यापिकांनी काकांच्या खुर्चीवर बसविले. ताजी काचपट्टी माझ्याखाली होती.

"तुमचं खरं होतं," त्या म्हणाल्या. "चूक आमच्या खोलीतली होती."

आईने एक डोळा मिटून आत पाहिले. बाण अंड्यापाशी थांबला.

"एवढंसं?" ती म्हणाली. "एवढ्याशापायी मला तसं बोललात?"

प्राध्यापिकांनी बाळाचे औषध तिच्या हाती ठेवले. दोन महिन्यांनी वजनकाट्याचा काटा हलला; तो दिवस मी विसरणार नाही.

आता मावशींचा नियम भिंतीवर ठळक अक्षरांत लावलेला आहे आणि अभ्यासवर्ग दुपारी भरतो. पडद्यावर चित्र दाखविणारे नवे यंत्र आले आहे. ते एका वेळी दहा जणांना दाखविते. त्याचा मला हेवा नाही. काकाही निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसले, जे भिंगांना मुळीच मानवत नाही. पण मी तक्रार केली नाही. तेव्हापासून मी येथे वर आहे. कोणी विचारीत नाही, दिसलं का म्हणून.

मित्रांनो, जुन्या यंत्राला कोरड्या, मऊ कापडाने पुसत जा, एवढे मागणे तर मी करीनच. पण त्याहून मोठे मागणे असे, की तुमच्यापैकी कोणी एखादे काम उत्तम शिकेल, तेव्हा समोर एक खुर्ची ठेवा, आणि उठून जाण्यापूर्वी तीवर कोणाला तरी बसवा. आणि बाटल्या धुणाऱ्यालाही कधी विचारा, त्याने काय ऐकले आहे ते.

माझ्या दुसऱ्या जोडीचे एक टोपण अजून सापडलेले नाही. ते एका लहानग्या मुठीतून गेले, ती मूठ आता मोठी झाली असेल. त्या उघड्या नेत्रिकेतून धूळ आत येते खरी. तरीही कोणी मला पुसावयास वर चढलात, तर कृपा करून तेथे नवे टोपण बसवू नका.