शेपूट

डोंगरवाट मंडळाकडे मूल्यं नव्हती. म्हणजे होती हो, पण भिंतीवर लावायची नव्हती. मंडळाकडे होतं एक शेपूट. बिबवेवाडीतल्या मुलांना रविवारी डोंगरात घेऊन जायला रंगराव सरांनी सुरुवात केली, तेव्हापासून रांगेत सगळ्यात शेवटी चालणाऱ्याला शेपूट म्हणायची पद्धत होती, आणि मान सगळा त्या शेपटालाच. पुढे काय, कोणीही पळतं! पुढून हाक यायची, "शेपूट?" शेवटच्याने ओरडायचं, "आहे!" मधल्या कोणी उत्तर द्यायचं नाही, मेलं तरी नाही. आणि शेपूट पोचल्याशिवाय डबे उघडायचे नाहीत, मग पोटात कावळे कोकलत असले तरी.

शर्मिला याच मंडळात वाढली. लहानपणी तिला जरा चढ आला की धाप लागायची. सगळी पोरं पुढे निघून जायची आणि हिच्या मागे फक्त सरांची पावलं वाजत राहायची, चपक, चपक. "लवकर चल" असं सर एकदाही म्हणाले नाहीत. ती थांबली की पावलं थांबायची, ती निघाली की निघायची. आता ती हिंजवडीच्या एका कंपनीत होती, गळ्यात ओळखपत्र, घ्यायला दारात गाडी. पण अजूनही तिला स्वप्न पडायचं ते त्याच वाटेचं. धुकं असायचं, खाली खडकवासल्याचं पाणी असायचं, आणि मागे पावलं. स्वप्नात ती कधी वळून बघायची नाही. बघायची गरजच काय?

सरांचे गुडघे यंदा पार गेले. आज डोंगराच्या धारेवरच्या देवळापाशी ते जीपने येणार होते आणि सगळ्यांसमोर गळ्यातली शिट्टी शर्मिलाच्या गळ्यात घालणार होते. म्हणजे मंडळ तिचं. तिला ही शिट्टी किती हवी होती म्हणता! नोकरीसुद्धा कधी एवढी हवी नव्हती. पहिल्यांदाच ती आज शेपूट होती.

त्यात बरोबर आला होता प्रज्ञेश, तिच्या कंपनीतला एचआरवाला. कंपनी मंडळाला मदत करणार होती, म्हणून त्याला फलकावर लावायला मूल्यं हवी होती. आठवड्यापूर्वी त्याने सरांनाच विचारलं होतं, "सर, आपली कोअर व्हॅल्यूज काय आहेत?"

"भिंत केवढी आहे तुमची?" सर म्हणाले होते. "त्या मापाने करून देऊ."

तेव्हापासून प्रज्ञेश शर्मिलाच्या मागे लागला होता.

आज सकाळी सगळे धारेवर पोचले तर पाण्यावरून धुकं वर चढत होतं. थंडीतलं दाट, पांढरं धुकं. दहा पावलांपलीकडचा माणूस नुसता रंग होऊन जायचा, आणखी पुढे गेला की तोही नाही. गवत ओलं होतं. कुठे टिटवी ओरडली तरी ती वर आहे की खाली ते कळत नव्हतं. आपल्याला जाग आली आहे की नाही, असं शर्मिलाला वाटून गेलं. तिच्या पुढे पूर्वा चालत होती, मंडळातली सगळ्यात हळू मुलगी. ही कोळ्याचं एकेक जाळं बघत जाणार. शर्मिला तिच्या मागे पावलं टाकत होती, चपक, चपक, आणि तिला इतकं सुख होत होतं की हसूच येत होतं.

"शर्मिला!" पुढून प्रज्ञेश हाका मारत होता. "अगं, दोन मिनिटं ये ना. इथे रेंज आहे, मी टाइप करून घेतो."

दोन मिनिटं तर दोन मिनिटं. पूर्वाला "आलेच गं" म्हणून ती पुढे गेली.

"लीडरशिप," प्रज्ञेश म्हणाला. "अजून?"

"जबाबदारी," ती म्हणाली. "एकमेकांची काळजी." चालता चालता शब्द बरे सुचत होते. प्रज्ञेश खूश होता, तीही खूश होती. तेवढ्यात धुक्यातून लांबून हाक आली, "शेपूट?"

"आहे!" शर्मिला ओरडली.

सवयीने हो! सकाळपासून तेच म्हणत होती ना. तोंडातून गेलं आणि रांग निर्धास्त पुढे सरकली. "टीमवर्क घेऊया का?" प्रज्ञेशने विचारलं. ती उत्तर द्यायला थांबली, आणि तिला मागची शांतता ऐकू आली. पावलं नव्हती. तिने वळून पाहिलं. नुसतं धुकं.

"तू पुढे हो," कसंबसं म्हणाली आणि उलटी पळत सुटली. मागे वाटेला फाटा होता. एक वाट देवळाकडे जायची आणि एक सरळ खाली, पाण्यात उतरायची. "पूर्वा! पूर्वा गं!" आवाज धुक्यात दोन हातांवर जाऊन पडत होता. लहानपणीची धाप परत आली. देवा, तिने खालची वाट धरली नसू दे, शिट्टी गेली खड्ड्यात, एवढं कर.

फाट्यावरच्या दगडावर पूर्वा बसली होती. मांडीवर हात, शहाण्यासारखी. गालावर मात्र ओघळ होते.

"ताई, दोन वाटा होत्या," ती म्हणाली. "सर म्हणतात, वाट कळली नाही तर बसायचं, मागून शेपूट येतंच. म्हणून बसले."

"शाबास गं माझी बाई."

"पण तुम्ही पुढून 'आहे' म्हणालात. आणि माझ्या मागे तर पावलंच वाजत नव्हती. मग मला कळलं, शेपूट मीच आहे. मी पण म्हणाले 'आहे', पण कोणाला ऐकूच गेलं नाही." तिने नाक पुसलं. "शेपूट मीच, मग मला घ्यायला कोण येणार?"

शर्मिलाला रडू आवरेना. तिथेच ओल्या गवतात बसून तिने पोरीला कुशीत घेतलं आणि मोकळेपणी रडून घेतलं. शेवटी पूर्वाच तिची समजूत काढू लागली. "ताई, मी नाही सांगणार कोणाला. आज तुम्हाला शिट्टी मिळणार आहे ना?"

आणि खरंच, कोणाला काही कळलं नव्हतं. देवळापाशी पोरं डबे मांडीवर घेऊन खोळंबली होती. प्रज्ञेश पायऱ्यांवर बसून मोबाइलवर मूल्यांना नंबर देत होता. सर उठून उभे राहिले, शिट्टीची दोरी गळ्यातून काढली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "शेपूट पोचलं का?"

नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"पोचलं," शर्मिला म्हणाली. "पण ते मी नाही सर, पूर्वा. मी तिला सोडून पुढे गेले होते. आणि पुढून 'आहे' म्हणाले."

कोणाच्या तरी डब्याचं झाकण पडलं. सरांनी शिट्टी पुन्हा स्वतःच्या गळ्यात घातली, किटलीतला पहिला चहा ओतला आणि शेपटाचा मान म्हणून पूर्वाच्या हातात दिला. "उघडा डबे," एवढंच म्हणाले. शर्मिलाने आपला डबा पोरांपुढे सरकवला.

खाणं झालं. खाली मोठ्या रस्त्यापर्यंतची उतरण तेवढी राहिली होती; एवढी तरी पायी उतरायची म्हणून सरांनी जीप रिकामीच पुढे पाठवली. पोरं निघाली, प्रज्ञेश निघाला, पूर्वा निघाली. सर काठी टेकत नेहमीसारखे मागे रेंगाळले. शर्मिला जागची हलली नाही.

"चल पुढे," सर म्हणाले.

"तुम्ही व्हा, सर."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. आजवर ते कोणाच्याही पुढे चालले नव्हते. "मी फार हळू आहे गं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला.

"असू दे."

ते निघाले. एक पाऊल, मग काठी, मग थांबणं. ते थांबले की शर्मिला थांबायची, निघाले की निघायची. धुक्यात त्यांची पाठ नुसती पांढरी दिसत होती. एकदाही त्यांनी वळून पाहिलं नाही. पुढून, फार लांबून, पूर्वाच्या आवाजात हाक आली, "शेपूट?"

शर्मिलाने तोंड उघडलं आणि मिटलं. ती मागे वळली. वाट, गवत, देवळाची पायरी, सगळं नीट पाहून घेतलं. मागे कोणीही राहिलेलं नव्हतं.

"आहे!" ती म्हणाली.