डाव्या हाताचा रंधा

मी रंधा बोलतोय. लाकूड गुळगुळीत करणारा, सुताराच्या हातातला रंधा. करवत, पटाशी, हातोडी यांच्याबद्दल मला आदर आहे. पण कामावरून शेवटचा हात माझाच फिरतो, हे आधीच सांगून ठेवतो. गर्व म्हणा हवं तर.

माझ्या मालकांनीच मला एका कठीण ओंडक्यातून घडवलं आणि पोटात पोलादी पातं बसवलं. रोज कामाला लागण्याआधी ते माझ्या पाठीवर तळहात ठेवून म्हणायचे, "प्रभू, हात तुझे, घाम माझा." एवढीच त्यांची प्रार्थना. रविवारची उपासना लांबली की मात्र खुशाल पेंगायचे आणि मालकीणबाई कोपराने ढोसायच्या.

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीचं नवं प्रार्थनागृह बांधून होत आलं होतं. तिथलं प्रभुभोजनाचं मेज, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस ठेवायचं टेबल, मी करून देतो, असा शब्द मालकांनी पाळकांना दिला. फळ्या कापून झाल्या, आणि एका दुपारी काम करता करता ते माझ्यावरच कोसळले. अर्धांगाचा झटका. उजवा हात लुळा पडला.

पाळक भेटायला आले. म्हणाले, "मेजाची काळजी सोडा. तयार मिळतं, आणू आपण."

"शब्द मी दिलाय," मालक म्हणाले. जीभ जड झाली होती, तरी प्रत्येक अक्षर कळलं.

थोडं उभं राहता येताच त्यांनी मला डाव्या हातात धरलं. कामाचं टेबल भिंतीला लागून होतं, त्यामुळे डाव्या हाताने ढकलायचं तर तोंड फिरवून उभं राहावं लागे. ते फिरले, पण फळी फिरवायची राहिली. मी लाकडाच्या रेषांच्या उलट चाललो आणि फळीच्या मधोमध मोठी खपली निघाली. तीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. मी लाजेने अर्धा झालो.

त्यांनी मला जमिनीवर फेकलं. "हात तुझे म्हणालो, तर खरंच काढून घेतलास?" ते छताकडे बघून ओरडले आणि ढसाढसा रडले.

मालकीणबाईंनी मला उचललं, पात्याला धक्का लागू नये म्हणून कुशीवर ठेवलं. म्हणाल्या, "आधी फळी फिरवा. मग देवाशी भांडा."

मोठ्या फळीवर रंधा दोघांनी चालवायची रीत आहे. एकाने मागून ढकलायचं, दुसऱ्याने पुढून दोरी ओढायची. बाईंनी कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली आणि मला बांधली.

पहिला आठवडा नुसता भांडणात गेला.

"अहो, ओढू की नको?"

"ओढ म्हटल्यावर ओढ!"

"म्हणेपर्यंत तुम्ही ढकलून मोकळे होता!"

मी मधेच अडकून बसायचो. मग मालकांनी प्रार्थनेचाच ठेका धरला. 'हात तुझे'ला दम घ्यायचा, 'घाम माझा'ला ढकलायचं आणि ओढायचं.

ठेका धरल्याच्या तिसऱ्या दिवशी बाई थांबल्या. "माझा काय? आमचा म्हणा. मी काय इथे वारा खातेय?" मालक हसले, जेवढा चेहरा हलत होता तेवढ्याने.

सात आठवडे लागले. मेज वेळेवर पोचलं. खपलीची फळी उलटी बसवा, असं पाळकांनी हळूच सुचवलं होतं. मालकांनी ती वरच बसवली. "ज्याचं मेज आहे त्याला ठाऊकच आहे. मग लपवायचं कोणापासून?"

आज त्या मेजापुढे माणसं गुडघे टेकतात. कुणाची बोटं त्या खोलगट जागेवर थांबतात, तेव्हा काय वाटत असेल ते त्यांचं त्यांना माहीत. हे मी मंडळीच्या तोंडून ऐकलंय, आणि ऐकताना माझी छाती फुगते.

आता माझं पातं झिजून अंगठ्याएवढं उरलंय. मला काचेच्या कपाटात ठेवायचा विचार घरात चाललाय. कृपा करून ठेवू नका. कुशीवर ठेवा, हाताशी ठेवा.

आज सकाळीच मालकांचा डावा हात माझ्या पाठीवर आला. "प्रभू, हात तुझे..."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "थांबा, दोरी आणते."